सिनेमा ‘लागणे’ आणि सिनेमा ‘लावणे’

चित्रपट चित्रपटगृहात जाऊन पाहावा की घरी बसून, या विषयावरची आपल्याकडील चर्चा सामान्यतः दोन ठराविक वाटांनी जाते. एक पक्ष पडद्याचा विस्तार, अंधार आणि गर्दी यांचे माहात्म्य सांगतो. दुसरा तिकिटाचे दर, जाण्यायेण्याचा त्रास आणि घरचा निवांतपणा यांचा हिशेब मांडतो. पाहिली जाणारी वस्तू दोन्हीकडे एकच असून फरक केवळ जागेचा आहे, हे मात्र दोघेही गृहीत धरून चालतात. हे गृहीत कितपत टिकते ते तपासण्याचा एक मार्ग म्हणजे या दोन कृतींविषयी बोलताना मराठी माणूस कोणती क्रियापदे वापरतो ते पाहणे. मत विचारले असता माणूस सावधपणे बोलतो; क्रियापद तो नकळत निवडतो आणि म्हणून त्याची साक्ष अधिक विश्वसनीय असते.

या विचारासाठी भोर तालुक्यातील किकवी हे गाव डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे आहे. पुण्यातल्या पेठांमधला माणूस ‘सिनेमाला जातो’ तेव्हा तो चार गल्ल्या ओलांडतो आणि त्यामुळे ‘जाणे’ या क्रियापदाला त्याच्या तोंडी फारसे वजन उरत नाही. किकवी हे पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळच्या पुढे आणि सारोळ्याच्या अलीकडे आहे. येथून पुण्याच्या चित्रपटगृहाकडे निघालेल्या माणसाला कात्रज ओलांडणे भाग असते. पूर्वी घाटाने, आता बोगद्याने. नऊ ते बाराचा खेळ पाहून परत येण्यास वाहन नाही, म्हणून तीन ते सहाचा गाठायचा. तोही संपतो न संपतो तोच एस.टी.कडे धाव घ्यायची. चित्रपटाच्या वेळापत्रकावर एस.टी.चे वेळापत्रक असे बसविलेले असे. आज स्वतःचे वाहन असले तरी खेड-शिवापूरचा टोलनाका वाटेत आहेच. किकवीच्या माणसाच्या तोंडी ‘सिनेमाला गेलो होतो’ हे वाक्य ‘लग्नाला गेलो होतो’, ‘यात्रेला गेलो होतो’ या वाक्यांच्या रांगेत बसते. तयारी, सोबत, प्रवास आणि परतल्यावर सांगण्याजोगी हकीकत हे सर्व त्या ‘जाण्या’त गृहीत असते.

आता क्रियापदांकडे वळू. येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘चित्रपट’ हा शब्द छापील मराठीचा आहे. ‘बोलपट’, ‘दिग्दर्शक’, ‘मध्यंतर’ यांच्याबरोबर त्याचेही श्रेय सावरकरांना देण्याचा प्रघात आहे. बोलण्यात मात्र ‘सिनेमा’ आणि त्याहूनही अधिक ‘पिक्चर’, किंबहुना ‘पिच्चर’, हाच शब्द नांदतो. नाम कोणतेही घेतले तरी त्याच्याशी जोडली जाणारी क्रियापदे बदलत नाहीत, म्हणून पुढील विवेचनात ‘सिनेमा’ हेच रूप योजले आहे.

चित्रपटगृहाच्या संदर्भात सिनेमा ‘लागतो’, ‘चालतो’, ‘पडतो’, ‘आपटतो’ आणि अखेर ‘उतरतो’. ही सर्व क्रियापदे अकर्मक आहेत आणि सर्वांचा कर्ता सिनेमा आहे. विजयानंद चित्रपटगृहात १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ लागला आणि १३१ आठवडे चालला, असे आपण म्हणतो. तो कोणी लावला, कोणी चालविला याची विचारणा कोणी करीत नाही. वितरक आणि चित्रपटगृहाचा मालक हे खरे लावणारे. परंतु वाक्यात त्यांना जागा नाही. प्रेक्षकालाही नाही. ‘घाट लागला’, ‘ऊन लागले’, ‘निकाल लागला’ या प्रयोगांप्रमाणेच ‘सिनेमा लागला’ हीदेखील माणसाच्या इच्छेबाहेर घडणारी गोष्ट आहे. ती घडली की आपण तिच्या वाट्याला जायचे किंवा न जायचे, एवढेच आपल्या हाती.

घरच्या संदर्भात हीच क्रियापदे लंगडी पडतात. घरी सिनेमा ‘लावतात’, ‘थांबवतात’, ‘पुढे ढकलतात’, ‘मागे घेतात’, ‘बंद करतात’. येथे सर्व क्रियापदे सकर्मक असून सिनेमा हा त्यांचे कर्म आहे. ‘लागणे’ आणि ‘लावणे’ ही अकर्मक-सकर्मक जोडी आपल्या परिचयाची आहे: दिवा लागतो आणि दिवा लावतो, सवय लागते आणि सवय लावतो. परंतु दिव्याच्या बाबतीत दोन्ही वाक्ये एकाच घटनेची दोन वर्णने असू शकतात. सिनेमाच्या बाबतीत तसे नाही. ‘लागलेला’ सिनेमा आणि ‘लावलेला’ सिनेमा या दोन निराळ्या घटना आहेत, कारण एकीत पाहणारा सिनेमाच्या स्वाधीन आहे आणि दुसरीत सिनेमा पाहणाऱ्याच्या. घरी पाहिलेला सिनेमा ‘पडत’ नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. पडण्यास चौघांची साक्ष लागते. घरी फार तर तो ‘कंटाळवाणा निघतो’.

एवढ्यावर थांबलो तर चित्रपटगृहाच्या कैवाऱ्यांना आयते प्रमाणपत्र मिळेल. परंतु याच भाषिक पुराव्यात एक अडचण दडलेली आहे आणि तिची दखल न घेणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे सिंहगडावरील मनोऱ्यामुळे ते पुण्याच्या आसपास दिसू लागले. शनिवारी संध्याकाळी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट हा त्या काळच्या घराघरातला नेम होता. त्या काळी माणसे काय म्हणत? ‘आज टीव्हीवर कुठला सिनेमा लागणार आहे?’ असेच म्हणत. सिनेमा घरात आलेला असूनही तो ‘लागत’ होता. लावला जाई तो टीव्ही, सिनेमा नव्हे.

याचा अर्थ, आपण चित्रपटगृह आणि घर यांच्यामध्ये जी रेघ ओढतो ती चुकीच्या ठिकाणी ओढलेली आहे. भाषेने रेघ ओढली आहे ती दुसऱ्याने ठरविलेली वेळ आणि आपण ठरविलेली वेळ यांमध्ये. दूरदर्शनच्या काळात खेडेगावात ज्याच्या घरी संच असे त्याची ओसरी शनिवारी भरून जाई. चपलांचा ढीग दारात पडे. घरधन्याला पाहुण्यांना उठविता येत नसे आणि पाहुण्यांना सिनेमा थांबविता येत नसे. वीज गेली तर सगळ्यांचीच जाई. ही मंडळी घरी बसून सिनेमा पाहत होती असे म्हणणे केवळ भौगोलिक अर्थाने खरे आहे. गणेशोत्सवात रस्त्यावर पडदा बांधून दाखविल्या जाणाऱ्या सिनेमाचीही गोष्ट तशीच. पुढे जागा न मिळालेले प्रेक्षक पडद्यामागे बसत आणि त्यांना नायकापासून खलनायकापर्यंत सर्वजण डावखुरे दिसत. पण तिकीट नाही, छप्पर नाही म्हणून त्याला कोणी सिनेमा मानण्याचे नाकारले नाही. टुरिंग टॉकीजच्या तंबूविषयी तर बोलावयासच नको. यात्रेच्या मैदानात तंबू ठोकला जाई तेव्हा गाव सिनेमाला जात नसे, ‘गावात सिनेमा आला’ असे म्हटले जाई. येणे आणि जाणे यांची ही अदलाबदल किकवीसारख्या गावांना नवीन नाही.

दूरदर्शननंतर व्हिडिओ आला. वर्गणी काढून, भाड्याने संच आणि तीन-चार कॅसेटी आणून रात्रभर सिनेमे पाहण्याची १९८० नंतरच्या दशकातली पद्धत अनेकांच्या आठवणीत असेल. त्या वेळी ‘व्हिडिओ आणला’ असे म्हणत. ‘सिनेमा लावला’ हा प्रयोगही येथूनच रुळू लागला असावा. परंतु लावणारा एकटा नव्हता. वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला कोणता सिनेमा आधी लावायचा यावर भांडण्याचा हक्क होता. त्यानंतरच्या केबलने आणि चोवीस तास चित्रपट दाखविणाऱ्या वाहिन्यांनी ‘लागणे’ पुन्हा प्रस्थापित केले, पण त्याचा सूर पालटून. ‘परत तोच लागलाय’ हे वाक्य आज प्रत्येक घरात ऐकू येते. एके काळी वाट पाहण्याचे असलेले क्रियापद तक्रारीचे झाले. खरा बदल झाला तो भ्रमणध्वनीवर, म्हणजे बोलीत ‘मोबाईलवर’, सिनेमा पाहिला जाऊ लागल्यानंतर. त्याचा विचार पुढे येईल.

दरम्यान ‘लावणे’ या क्रियापदातील कर्ता घरात प्रत्यक्ष कोण असतो, हा प्रश्न शिल्लक राहतो. व्याकरणातला कर्ता हा रिकामा रकाना असतो. घरात तो रकाना बहुधा भरलेला असतो. दूरनियंत्रक, अर्थात रिमोट, ज्याच्या हाती तो लावणारा. बातम्यांच्या वेळी तो आजोबांच्या हाती असतो, क्रिकेटच्या वेळी मुलांच्या. चित्रपटगृहात कर्ता सिनेमा होता याचा एक अर्थ असा की पिटातल्या प्रेक्षकापासून बाल्कनीतल्या प्रेक्षकापर्यंत कोणालाही तो थांबविता येत नव्हता. तिकिटाच्या दराने माणसे वेगळी बसत हे खरे. परंतु खेळाच्या काळात त्यांच्या हक्कांत फरक नव्हता. गावकीच्या दुसऱ्या कोणत्याही बैठकीविषयी असे म्हणता येईल काय, याचा विचार समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी करावा.

परंतु या समतेचे गोडवे गाण्यापूर्वी आणखी एका क्रियापदाकडे लक्ष दिले पाहिजे. ते क्रियापद ‘नेणे’. पुरुष सिनेमाला ‘जात’. स्त्रियांच्या तोंडी मात्र दीर्घकाळ ‘मला सिनेमाला न्या’, ‘त्यांनी सिनेमाला नेलं होतं’ असे प्रयोग होते. म्हणजे जी कृती पुरुषांच्या बाबतीत अकर्मक होती तीच स्त्रियांच्या बाबतीत सकर्मक होती आणि कर्माच्या जागी स्त्री होती. सिनेमा कर्ता आणि प्रेक्षक त्याच्या स्वाधीन, या वर्णनात स्त्री दोनदा पराधीन ठरते. किकवीहून कात्रज ओलांडून जायचे तर नेणारा हवाच. १९९१ सालच्या ‘माहेरची साडी’ला ग्रामीण स्त्रियांनी जी गर्दी केली तिची हकीकत आजही सांगितली जाते, तिच्यातील महत्त्वाचा भाग, माझ्या मते, चित्रपटाच्या गुणदोषांचा नव्हेच. नणंदा, जावा, शेजारणी अशा गटाने स्त्रिया निघाल्या आणि ‘आम्ही सिनेमाला गेलो’ असे म्हणू शकल्या, हा तो भाग होय. त्या चित्रपटाच्या भडक करुणरसाला नावे ठेवणाऱ्या समीक्षकांनी हे क्रियापदाचे स्थित्यंतर लक्षात घेतलेले दिसत नाही. आज स्वयंपाकाच्या ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाईलवर एखादी स्त्री चित्रपट पाहते तेव्हा तिला नेणारा लागत नाही आणि लावणाराही लागत नाही. चित्रपटगृहाच्या ऱ्हासाचे दुःख करणाऱ्याने या एका वाक्याचे उत्तर आधी द्यावे.

आता प्रत्यक्ष चित्रपटांकडे येतो, कारण भाषेचा पुरावा कृतींच्या अंतरंगात शिरत नसेल तर तो केवळ कोशकाराच्या कामाचा राहील. पहिले उदाहरण दादा कोंडके यांचे. ‘सोंगाड्या’ (१९७१), ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘पांडू हवालदार’ (१९७५) या चित्रपटांचा विनोद द्व्यर्थी आहे हे सर्वश्रुत आहे. द्व्यर्थी वाक्याची रचना अशी असते की बोलणारा एका अर्थाच्या आड दुसरा अर्थ ठेवतो आणि ऐकणाऱ्याने दुसरा अर्थ ओळखला तर दोष ऐकणाऱ्याकडे जातो. चित्रपटगृहातील अंधारात, अनोळखी माणसांच्या हशात हा दोष कोणा एकाकडे जात नाही; सर्वांनी एकदम हसल्यामुळे तो वाटला जातो. हाच चित्रपट घरी, सासरा आणि सून एका खोलीत असताना, लागला की काय होते ते वाचकांना ठाऊक आहे. कोणीतरी पाणी आणावयास उठते. कोणीतरी वर्तमानपत्र उघडते. आणि हसू आले तरी ते दाबले जाते, कारण हसणे म्हणजे अर्थ कळल्याची कबुली देणे. संवाद तोच, उच्चार तोच, परंतु वाक्याचे कार्य बदलले. ज्यांना कोंडके यांचे चित्रपट केवळ दूरचित्रवाणीवर पाहावयास मिळाले त्या पिढीने त्यांना अश्लील ठरवावे यात नवल नाही. त्यांनी ते चुकीच्या श्रोतृवर्गात ऐकले.

दुसरे उदाहरण नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांचे. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि ग्रामीण भागात काही ठिकाणी मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले. गाण्यांच्या वेळी पडद्यापुढे नाचणाऱ्या मुलांच्या बातम्या त्या वेळी पुष्कळ छापून आल्या. परंतु माझ्या दृष्टीने त्या चित्रपटाची खरी परीक्षा शेवटच्या प्रसंगात होते. लहान मूल घरात शिरते, आईबाप मेलेले पाहते, आणि त्या वेळी ध्वनिपट्टीवर काहीही नसते. तासाभरापूर्वी नाचलेल्या जमावाच्या तोंडून आवाज निघत नाही आणि ती शांतता ऐकू येते. शांतता ऐकू येण्यासाठी आवाज करू शकणारी, पण न करणारी माणसे हजर असावी लागतात. घरी त्या प्रसंगाच्या मागे कुकरची शिट्टी असते, महामार्गालगतच्या घरांत ट्रकांचे भोंगे असतात. दिग्दर्शकाने रिकामी सोडलेली जागा घराने भरून काढलेली असते. चित्रपट तेथे अपुरा वाटत नाही, हेच खरे नुकसान. घरी पाहणाऱ्याला आपण काय ऐकले नाही याचा पत्ताच लागत नाही.

‘फॅन्ड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी चित्रपटगृहांत आला. त्याच्या अखेरीस जब्या जो दगड भिरकावतो तो थेट पडद्याबाहेर, प्रेक्षकांच्या दिशेने येतो. भाषाभ्यासकाच्या परिभाषेत सांगावयाचे तर ते द्वितीय पुरुषातले विधान आहे. प्रश्न असा की ते एकवचनी आहे की अनेकवचनी? चित्रपटगृहात, जेथे दगड मारणारे आणि ज्यांना लागावा असे दोन्ही प्रकारचे प्रेक्षक शेजारी-शेजारी बसलेले असतात, तेथे तो ‘तुम्ही’ असतो. प्रत्येकाला तो शेजाऱ्याला लागला की आपल्याला याचा निवाडा करावा लागतो आणि शेजाऱ्याकडे पाहण्याचा धीर होत नाही. मोबाईलवर तोच दगड ‘तू’ होतो. काहींच्या मते एकट्याला उद्देशून केलेली पृच्छा अधिक बोचते. या मताशी मी सहमत नाही. एकट्याला विचारलेला प्रश्न एकट्याने टाळता येतो, आणि तळहातावरचा दगड अंगठ्याने मागे सारता येतो. किकवीच्या प्रेक्षकाचे उदाहरण येथे पुन्हा उपयोगी आहे. गावात कोण कोणाच्या शेजारी बसेल हे पूर्वापार ठरलेले असते. पुण्याच्या चित्रपटगृहात ते खुर्चीचा क्रमांक ठरवितो. ‘फॅन्ड्री’चे ‘तुम्ही’ सिद्ध होण्यास अशी अनोळखी रांग आवश्यक आहे, आणि ती गावाबाहेर गेल्याशिवाय मिळत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही नमूद केले पाहिजे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. महाराष्ट्रातील चित्रपटगृहे मार्च २०२० मध्ये बंद झाली, नोव्हेंबरमध्ये निम्म्या क्षमतेने उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. म्हणजे हा चित्रपट सर्वसाधारण मराठी प्रेक्षकाला भेटला तो घरीच. शास्त्रीय संगीताच्या साधनेत अपुऱ्या पडलेल्या गायकाची ही कथा रात्री मोटारसायकलवरून जाताना कानात ऐकलेल्या गुरुवाणीभोवती गुंफलेली आहे. एकट्याच्या कानाशी बोलणारा चित्रपट एकट्याने, कानाला यंत्र लावून पाहण्यात मला काहीही उणे वाटले नाही. कदाचित काही लाभच झाला असेल. किकवीत चित्रपटगृहाची वाट पाहत बसावे लागले असते तर तो तेथे पोहोचलाच नसता, हेही उघड आहे. प्रत्येक चित्रपटाला गर्दी हवी असते हा समज ‘सैराट’वरून काढलेला आहे आणि तो सर्वांना लागू पडत नाही.

येथे एक नवे क्रियापद लक्षात येते. ओटीटीवर सिनेमा ‘लागत’ नाही, ‘येतो’. ‘ओटीटीवर आला का?’ असे विचारतात. कर्ता पुन्हा सिनेमाच आहे, म्हणून प्रथमदर्शनी हे ‘लागण्या’चे पुनरागमन वाटेल. परंतु ‘लागला’ला ‘उतरला’ हा जोडीदार होता; लागलेला सिनेमा उतरणार, ही टांगती तलवार त्या क्रियापदातच होती आणि तिच्यामुळेच किकवीचा माणूस या रविवारी नाही तर कधीच नाही अशा घाईने घराबाहेर पडे. ‘आला’ला असा जोडीदार नाही. ‘ओटीटीवरून गेला’ असे कोणी म्हणत नाही; कराराची मुदत संपली की चित्रपट तेथूनही नाहीसा होतो, पण त्याची बातमी होत नाही आणि त्याला क्रियापद मिळत नाही. आलेला चित्रपट आलेलाच असतो. म्हणून तो उद्याही पाहता येतो आणि म्हणून बहुधा पाहिला जात नाही.

पाहिला गेलाच तर तो कसा, हे संयुक्त क्रियापदे सांगतात. ‘बघून आलो’ हा प्रयोग चित्रपटगृहाचा. घरासाठी ‘बघून घेतला’, ‘बघून झाला’ आणि अलीकडे फार ऐकू येणारा ‘बघून टाकला’. ‘टाकणे’ हे साहाय्यक क्रियापद काम उरकल्याचा, वस्तू हातावेगळी केल्याचा अर्थ देते: भांडी घासून टाकली, बिल भरून टाकले. त्याच रांगेत सिनेमा येऊन बसला आहे. ‘अर्धाच बघितला’ या वाक्याचीही हीच गत. एके काळी त्यामागे शेवटची एस.टी., भांडण किंवा आजारपण यांपैकी काहीतरी असे आणि ऐकणारा ‘का?’ म्हणून विचारी. आता त्याला कारण लागत नाही. ‘रीळ’ या शब्दाचा प्रवासही येथे सहज आठवतो. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात महाराष्ट्रातील फिरत्या तंबूंमधले रीळ डिजिटल यंत्रापुढे हरताना दिसते. आणि पुढे इंग्रजीतला तोच शब्द मोबाईलवरील काही क्षणांच्या चित्रफितीसाठी मराठीत दुसऱ्यांदा दाखल झाला. जुने ‘रीळ’ नपुंसकलिंगी होते. नवे ‘रील’ अजून लिंगाच्या बाबतीत स्थिरावलेले नाही. कोणी ‘रील केली’ म्हणतो, कोणी ‘रील केलं’.

डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६० नंतरच्या दशकात मराठी बोलींच्या पाहणीची जी परंपरा घालून दिली, तिच्या प्रश्नावल्यांत नातेसंबंध, शेतीची अवजारे आणि शरीरावयव यांना मानाचे स्थान असते. ते योग्यच आहे. भोर-वेल्हे भागात पाहणीसाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्या प्रश्नांच्या शेवटी आणखी एक प्रश्न जोडावा, एवढी सूचना येथे करतो: ‘शेवटचा सिनेमा कोणता?’ असे विचारावे आणि नावापेक्षा त्यामागून येणारे क्रियापद टिपून घ्यावे. सांगणारा गेला, नेला गेला, बघून आला की बघून टाकून मोकळा झाला; आणि सांगणारी स्त्री असल्यास तिच्या वाक्यात कर्त्याच्या जागी कोण आहे.